गेटपर्यंत न आलेल्यांचा हिशेब

(नाशिकमधील विद्यार्थी-विद्यार्थिनींच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)



मला दिलेला विषय आहे, ‘विद्यापीठ परिसरातली वाहतूक आणि आपण’. हा सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणजे आता एखादं ॲप दाखवणार, असं तुमच्यातल्या काहींना वाटलं असेल. ॲप नाही. आधी माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो, मग थोडं गणित करू, आणि शेवटी तुम्हाला एक काम देणार आहे.

आम्ही जुन्या नाशकातले. मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा माझं कॉलेज शहराबाहेर होतं. पहिलं वर्ष मी बसने गेलो. बस मुख्य रस्त्यावर सोडायची आणि तिथून गेट दीड-दोन किलोमीटर आत. दुसऱ्या वर्षी अब्बांनी उसने पैसे घेऊन मला एक जुनी मोटरसायकल घेऊन दिली. प्रश्न सुटला. म्हणजे माझा सुटला.

पुढे काही वर्षांनी माझ्या धाकट्या बहिणीला शहराबाहेरच्याच एका कॉलेजात प्रवेश मिळाला. तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. ती जेमतेम महिनाभर गेली. प्रॅक्टिकल साडेपाचला संपायचं, आणि ती रस्त्यापर्यंत चालत येईपर्यंत बस गेलेली असायची. पावसाळ्याचे दिवस. आतल्या रस्त्याला दिवे नाहीत, थांब्याला छप्पर नाही. एकदा ती रात्री आठला घरी पोहोचली. घरात कोणी ओरडलं नाही, कोणी मनाई केली नाही. अम्मी एवढंच म्हणाली, “जवळचं बघू या.”

बहिणीने घराजवळच्या कॉलेजात कॉमर्स घेतलं. ती आज चांगली नोकरी करते. तिची तक्रार नाही. तक्रार मला आहे, आणि ती स्वतःबद्दल आहे. कारण त्या वेळी मी नोकरीसाठी पुण्याला गेलो होतो आणि माझी मोटरसायकल घराखाली जिन्याजवळ प्लास्टिक घालून झाकून ठेवलेली होती. हिला गाडी शिकवू या, असं घरात कोणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही. मी घरात सगळ्यात जास्त शिकलेला होतो.

आता दुसरी बाजू बघा. त्या कॉलेजच्या कागदावर काय नोंद झाली? ‘प्रवेश रद्द. कारण : वैयक्तिक.’

आज मला याच ‘वैयक्तिक’ शब्दाबद्दल बोलायचं आहे.

कुठल्याही मोठ्या शैक्षणिक परिसरात वाहतुकीचं नियोजन करायचं ठरलं की सुरुवात कशी होते? गेटवर माणसं बसवतात आणि गाड्या मोजतात. सकाळी नऊ ते अकरा किती मोटारी आल्या, किती दुचाकी आल्या, पार्किंग कितीला भरलं. मग निष्कर्ष निघतो : गेट रुंद करा, पार्किंग वाढवा, आतला रस्ता डांबरी करा. मोजणी चुकीची नसते. पण ती फक्त पोहोचलेल्यांची असते.

माझ्या कामातलं उदाहरण देतो. एखादी वेबसाइट चालवताना आम्ही सर्व्हरचा लॉग बघतो. कोण आलं, कधी आलं, काय उघडलं. पण ज्याच्या मोबाइलवर नेटवर्कच मिळालं नाही, त्याची विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नाही. लॉगमध्ये तो नसतो. लॉग बघून तुम्ही म्हणाल की सगळं छान चाललंय, एकही तक्रार नाही. माझी बहीण त्या लॉगमध्ये नव्हती. तिच्या पावलांची गेटवर नोंद नाही, तिच्या गाडीची पार्किंगमध्ये नोंद नाही, कारण ती आलीच नाही.

“एका घरातल्या गोष्टीवरून एवढं बोलायचं का?” असं कोणी विचारेल. रास्त प्रश्न आहे. म्हणून दोन अभ्यास सांगतो.

पहिला दिल्लीचा. गिरिजा बोरकर या अर्थतज्ज्ञ बाईंनी दिल्ली विद्यापीठाच्या हजारो विद्यार्थ्यांची माहिती गोळा केली. कोणाला किती मार्क होते, त्या मार्कांवर कुठलं कॉलेज मिळू शकत होतं, प्रत्यक्षात कुठलं घेतलं, आणि घरापासून तिथपर्यंतचा रस्ता किती सुरक्षित वाटतो. निष्कर्ष असा की रस्ता जास्त सुरक्षित मिळत असेल, तर मुली वरच्या दर्जाचं कॉलेज सोडून बरंच खालच्या दर्जाचं कॉलेज घ्यायला तयार होतात. तेवढेच मार्क असलेली मुलं असा सौदा फार कमी करतात. म्हणजे ‘जवळचं बघू या’ हे वाक्य फक्त जुन्या नाशकातलं नाही. ते दिल्लीतल्या सुशिक्षित घरांतही बोललं जातं, आणि फक्त आपल्या समाजात बोललं जातं असंही नाही.

दुसरा अभ्यास बिहारचा. २००६ साली बिहार सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या दोघांनी त्याचा परिणाम मोजला. त्यांचा निबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली, आणि मुलं-मुलींमधलं नोंदणीचं अंतर ४० टक्क्यांनी कमी झालं. सगळ्यात जास्त फरक कुठे पडला? जिथून शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब होती, त्या गावांत. त्या गावांतल्या बापांचे विचार एका वर्षात बदलले नव्हते. मुलीकडे सायकल आली होती.

आता आपल्या नाशिकचा नकाशा डोळ्यांसमोर आणा.

जुनी कॉलेजं शहराच्या पोटात आहेत. एचपीटी १९२४ सालचं. ते ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्याचं नावच कॉलेज रोड पडलं. केटीएचएम गंगापूर रोडवर, गोदावरीच्या काठाला. जुन्या नाशकातून तिथे सायकलवर जाता येतं, जमलं तर चालतही जाता येतं. नंतरच्या संस्था कुठे आहेत? यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं, ते गोवर्धनला, गंगापूर धरणाच्या बाजूला. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ सालचं, ते म्हसरूळला दिंडोरी रोडवर. संदीप विद्यापीठ महिरावणीला, त्र्यंबकच्या रस्त्यावर. पुणे विद्यापीठाच्या नाशिक उपकेंद्राला जागा मिळाली, तीही दिंडोरी तालुक्यात शिवनईला.

यात कोणाचं कारस्थान नाही. विद्यापीठाला मोठी जागा लागते आणि ती शहरात उरलेली नाही. पण परिणाम असा की उच्च शिक्षण शहरातून उठून चारी दिशांना गेलं. ज्याच्याकडे गाडी होती, तो त्याच्या मागोमाग गेला.

मुक्त विद्यापीठाचं थोडं वेगळं आहे. तिथे रोज वर्गात जायचं नसतं. त्यांची अभ्यासकेंद्रं जागोजागी आहेत, म्हणजे विद्यार्थ्याने विद्यापीठाकडे जाण्याऐवजी विद्यापीठच विद्यार्थ्याकडे येतं. वाहतूक नियोजनातला हा पहिला धडा आहे : सगळ्यात स्वस्त प्रवास म्हणजे जो करावाच लागत नाही तो. पण प्रयोगशाळा, कार्यशाळा, रुग्णालय यांचं शिक्षण घरी येत नाही. तिथे जावंच लागतं. आणि जिथे जावंच लागतं, तिथेच मुली गळतात.

आता गणित. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा, घरापासून बसथांबा आठ मिनिटं. बस दर चाळीस मिनिटांनी आहे, म्हणजे सरासरी वीस मिनिटं थांबायचं. बसमध्ये पस्तीस मिनिटं. उतरल्यावर गेटपर्यंत बावीस मिनिटं चालायचं. एकूण ८५ मिनिटं. मोटरसायकलवाल्याला तेवढ्याच अंतराला तीस मिनिटं.

ही ८५ मिनिटं कमी करायची तर आपण काय सुचवतो? रस्ता रुंद करा, बस जोरात जाईल. बस दहा टक्के जलद झाली तर साडेतीन मिनिटं वाचतात. बस चाळीसऐवजी वीस मिनिटांनी केली तर सरासरी दहा मिनिटं वाचतात. आणि थांब्यापासून गेटपर्यंत एखादी छोटी गाडी ठेवली तर पंधरा मिनिटं वाचतात. जास्त खर्चाचा उपाय सगळ्यात कमी वेळ वाचवतो.

पुढे अजून एक गोष्ट आहे. वाहतुकीचे अभ्यासक सांगतात की थांबण्याची आणि चालण्याची मिनिटं माणसाला बसमधल्या मिनिटांच्या साधारण दुप्पट वाटतात. म्हणजे बसमधली ३५, आणि उरलेल्या ५० च्या शंभर. मनातला प्रवास १३५ मिनिटांचा होतो. अंधार असेल, थांब्यावर टोळकं उभं असेल, तर तो किती होतो हे इथे बसलेल्या मुलींनी सांगावं. मला ते मोजता येत नाही.

शहराची बस ८ जुलै २०२१ पासून सिटीलिंक या नावाने महापालिकेची कंपनी चालवते. त्याआधी ती एसटीकडे होती. आता बस ठेकेदारांच्या आहेत आणि त्यांना धावलेल्या किलोमीटरप्रमाणे पैसे मिळतात. ही पद्धत समजून घ्या, कारण निवेदन देताना ती कामाला येते. बस रिकामी धावली काय, भरून धावली काय, महापालिकेचा त्या फेरीचा खर्च तोच. तिकिटातून खर्च भरून येत नाही, तो तोटा महापालिकेवर पडतो. आता कॉलेजकडची फेरी बघा. सकाळी जाताना भरलेली, परत येताना रिकामी. दुपारी दोन्हीकडून रिकामी. काटकसर करायची वेळ आली तर अशीच फेरी आधी नजरेत येते. संध्याकाळी उशिराच्या फेरीला प्रवासी कमी, म्हणून ती ठेवणं अवघड. आणि प्रॅक्टिकलवाल्या मुलीला नेमकी तीच हवी असते. ती फेरी नसली तर ती मुलगी सकाळीही येत नाही. मग सकाळची फेरीही थोडी रिकामी होते. प्रवासाला दोन टोकं असतात. परतीचं टोक कापलं की सगळा प्रवास कापला जातो.

“महिलांना आता अर्धं तिकीट आहे की,” असं म्हटलं जातं. बरोबर. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना ५० टक्के सवलत आहे आणि तिचा उपयोग झाला आहे. पण सवलत पैशाची आहे. थांब्यापासून गेटपर्यंतच्या अंधाराला सवलत लागू होत नाही.

मग करायचं काय? हे नाशिकला जमणार नाही असं मानायचं कारण नाही. या शहराने याहून अवघड गोष्ट केली आहे.

२००३ च्या सिंहस्थात इथे चेंगराचेंगरी झाली. ३९ भाविक मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या, २०१५ च्या सिंहस्थात काय केलं गेलं? बाहेरून येणाऱ्या गाड्या शहराच्या वेशीबाहेरच्या वाहनतळांवर थांबवल्या आणि तिथून भाविकांना बसने आत आणलं. त्याच वर्षी नीलय कुलकर्णी या नाशिकच्या शाळकरी मुलाने आणि त्याच्या सोबत्यांनी ‘आशिओतो’ नावाची चटई वापरून दाखवली. रस्त्यावर अंथरायची, तिच्यावरून किती पावलं गेली ते ती मोजते, म्हणजे गर्दी कुठे वाढते आहे ते वेळेत कळतं. म्हणजे ज्या शहरातल्या मुलांनी पावलं मोजायची चटई बनवली, त्या शहरातल्या कॉलेजांच्या गेटवर आपण अजून फक्त चाकं मोजतो. पुढचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. त्यासाठी रस्त्यांचं आणि बसचं नियोजन चाललेलं आहे. लाखो पाहुण्यांसाठी बाहेर वाहनतळ आणि आत बस हे शहराला जमतं, तर रोज येणाऱ्या काही हजार विद्यार्थ्यांसाठीही जमायला हवं.

दुसऱ्यांचे अनुभवही बघू. आधी फसलेला. डिसेंबर २०१७ मध्ये पुणे विद्यापीठात भाड्याच्या सायकली आल्या. विद्यापीठाचा परिसर चारशे एकरांवर आहे, झाडं आहेत, सायकलीला याहून चांगली जागा कुठली? मोबाइलवर कुलूप उघडायचं, दुसऱ्या टोकाला सोडून द्यायची. सुरुवातीला मुलांनी भरपूर वापरल्या. मग मोडतोड झाली, दुरुस्ती रखडली. पुण्यात सायकली आणणाऱ्या कंपन्यांपैकी ओफोने तर २०१८ मध्येच भारतातून गाशा गुंडाळला. हळूहळू सायकली दिसेनाशा झाल्या. कल्पना वाईट नव्हती. पण सायकल कंपनीची, जागा विद्यापीठाची, वापर मुलांचा, आणि पंक्चर कोणाचं, हे कोणाचंच नव्हतं. ज्या योजनेत पंक्चर कोण काढणार हे लिहिलेलं नाही, ती योजना नाही, उद्घाटन आहे.

आता टिकलेला अनुभव. आयआयटी मुंबईच्या पवईच्या परिसरात ‘टमटम’ म्हणतात अशा छोट्या गाड्या फिरतात. मुख्य गेट, वर्ग, वसतिगृहं यांना जोडतात. त्यात झगमगाट काही नाही. पण गाडी येणार हे मुलांना माहीत असतं, आणि ‘येणार हे माहीत असणं’ हीच वाहतुकीची खरी कमाई आहे.

अमेरिकेत सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठ आहे. तिथे १९९१ मध्ये ‘यू-पास’ सुरू झाला. बसचा एकच सवलतीचा पास, आणि त्याच वेळी पार्किंगची फी वाढवली. पार्किंगच्या पैशातला वाटा पासकडे वळवला. जो गाडी आणून जागा अडवतो, त्याने बसने येणाऱ्याचा भार थोडा उचलायचा. एकट्याने मोटारीतून येणाऱ्यांचं प्रमाण घटलं, बसने येणारे वाढले.

आपल्याकडे पार्किंग फुकट असलं पाहिजे असं आपण धरून चालतो. पण जागा फुकट नसते. मोकळ्या जागेत एक मोटार उभी करायला, वळायच्या रस्त्यासकट, साधारण २३ चौरस मीटर धरतात. एआयसीटीईच्या नियमपुस्तिकेत साठ मुलांच्या वर्गखोलीला ६६ चौरस मीटर धरले जात होते. तीन मोटारी म्हणजे एक वर्ग. तीन प्राध्यापकांच्या गाड्या दिवसभर सावलीत उभ्या राहतात, तेवढ्या जागेत साठ मुलं शिकतात.

इथे एक सावधगिरी मला तुमच्याच वतीने सांगायची आहे. मोटारीवर फी लावा, हे म्हणणं सोपं आहे. पण दुचाकी सरसकट श्रीमंताची नसते. ज्या गावाला बसच जात नाही तिथला मुलगा जुन्या गाडीवर तीस किलोमीटर येतो, त्याच्याकडून आधी फी घेऊन नंतर कधीतरी बस सुरू करणं म्हणजे शिक्षाच. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी पर्याय, मग फी. शेअर रिक्षांचंही तसंच. गेटबाहेर रिक्षांची गर्दी होते म्हणून त्यांना हाकलायची मागणी होते. अरे, पण थांबा ते गेट हे अंतर आज तेच भरून काढतात! त्यांना उभं राहायला जागा द्या, दर ठरवून फलकावर लिहा, शेवटचा वर्ग सुटेपर्यंत दोन रिक्षा थांबतील असं ठरवा. नवी बस विकत घेण्याआधी हे होऊ शकतं.

आता आपल्या घरात डोकावू.

आपल्या चळवळीत एक मत असं आहे की बस, दिवे, रिक्षा हे वरवरचं आहे, खरा अडथळा मानसिकतेचा आहे. ज्यांना मुलीला शिकवायचं नाही ते बस दिली तरी शिकवणार नाहीत. यात तथ्य आहे, नाही असं नाही. माझ्या घरात मोटरसायकल होती आणि ती बहिणीला दिली गेली नाही, यात सिटीलिंकचा काही दोष नाही. ती आमची मानसिकता होती.

पण मी बराच विचार केला आणि मला असं वाटतं. रस्ता आणि मानसिकता एकमेकांना धरून उभ्या असतात. जोवर आतल्या रस्त्याला दिवा नाही, तोवर अम्मीचं ‘जवळचं बघू या’ खोटं ठरवता येत नाही. तिची काळजी खरी आहे. आणि त्याच खऱ्या काळजीच्या आडोशाला दुसऱ्या घरातला एखादा बाप आपली नाराजीही लपवतो. दोघांचं वाक्य एकच असतं. बाहेरून तुम्हाला फरक कळत नाही. दिवा लागला, बस वेळेवर आली, की अम्मी मुलीला पाठवते. आणि जो तरीही पाठवत नाही त्याला मग खरं कारण बोलून दाखवावं लागतं. त्याच्याशी वाद घालता येतो. अंधाराशी वाद घालता येत नाही.

म्हणून मी म्हणतो की बसथांब्याचा दिवा हे वरवरचं काम नाही.

आता तुमचं काम. तुम्ही इथे वेगवेगळ्या कॉलेजांतून आला आहात. प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी चार गोष्टी करायच्या.

पहिली, थांब्यापासून गेटपर्यंत चालायचं. एकदा सकाळी आणि एकदा शेवटचा वर्ग सुटल्यावर. चार-पाच जण, त्यात निम्म्या मुली. किती मिनिटं लागली, दिवे किती, बंद किती, पदपथ आहे का, तो कुठे तुटतो, सावली कुठे आहे, भीती कुठे वाटते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत पदपथाची चालण्याजोगी मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे. सोबत टेप न्या. चाकाची खुर्ची तिथून जाईल का तेही बघा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, तो कॉलेजच्या रस्त्यालाही लागू होतो.

दुसरी, दोन वेळापत्रकं शेजारी शेजारी ठेवायची. एक वर्गांचं, एक बसचं. माझ्या बहिणीचं प्रॅक्टिकल पंधरा मिनिटं आधी संपलं असतं तरी तिला बस मिळाली असती. त्याला एक रुपयाही लागला नसता. कुठल्या तरी टेबलावर ते वेळापत्रक बनलं होतं, आणि ते बनवणाऱ्याने बसचं वेळापत्रक पाहिलं नव्हतं. दुष्टपणा नव्हता. तो गाडीने येत असावा.

तिसरी, न आलेल्यांना शोधायचं. कॉलेजला लेखी विनंती करा की प्रवेश रद्द करणाऱ्यांच्या अर्जात ‘वैयक्तिक’च्या जागी कारणांची यादी असावी : अंतर, बसची वेळ, खर्च, सुरक्षितता, इतर. आणि प्रवेश अर्जांतले पिनकोड, फक्त पिनकोड, मोजून कुठल्या भागातून किती मुलं-मुली येतात त्याचा तक्ता मागा. नाव नको, फोन नको, जात-धर्म नको. हे मी सॉफ्टवेअरवाला म्हणून बजावून सांगतो. लोकांच्या राहण्याच्या याद्या चुकीच्या हातात गेल्या तर काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. कामापुरतीच माहिती घ्या आणि काम झालं की पुसून टाका. मग तो तक्ता नकाशावर ठेवा. जो भाग जवळ असूनही कोरा दिसेल, तिथे जाऊन विचारा.

चौथी, निवेदन लिहायचं, आणि ते ‘मुस्लिम विद्यार्थिनींसाठी बस’ असं लिहायचं नाही. त्याच थांब्यावर पेठ, सुरगाण्याहून येणारी आदिवासी मुलगी उतरते. त्याच अंधारात मेसमध्ये काम करणाऱ्या मावशी चालत जातात, रात्रपाळीचा सुरक्षारक्षक जातो. त्यांची सही तुमच्या सहीच्या वर असू द्या. मागणी सगळ्यांची असली की ती टिकते. आणि तीत आपल्याही बहिणी येतातच. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात साफ लिहिलं आहे की रस्त्याची जागा वाटताना गाड्यांपेक्षा माणसांना महत्त्व द्यायचं. ते वाक्य निवेदनात वापरा. आपण मेहेरबानी मागत नाही, सरकारच्याच धोरणाची आठवण करून देतो आहोत.

निवेदन दिलं आणि फोटो काढला, की काम संपलं असं समजू नका. एक मागणी, एक तारीख, एक जबाबदार टेबल. दिवे ग्रामपंचायतीचे, महापालिकेचे की कॉलेजचे, हे आधी शोधा. आमच्या कामात म्हणतात, ज्या चुकीला मालक नाही ती कधी दुरुस्त होत नाही. थांब्याच्या दिव्याचंही तेच आहे.

शेवटी बहिणीबद्दल. तिला मी हे भाषण फोनवर वाचून दाखवलं, कारण गोष्ट तिची आहे. ती म्हणाली, “भाई, तुम्ही मोटरसायकलचं सांगताय ते ठीक आहे. पण तेव्हा तुम्ही मला एकदा विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं, ते तरी तुम्हाला माहीत आहे का?” मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, “मला गाडी येत होती. मैत्रिणीकडे शिकले होते. कोणी विचारलंच नाही.”

म्हणजे आमच्या घरात गाडी होती, चालवणारी होती, किल्ली खिळ्याला टांगलेली होती. नव्हता फक्त प्रश्न विचारणारा. तेव्हा टेप आणि वही घेऊन रस्त्यावर जाण्याआधी, आज रात्री घरी हे विचारा. बहिणीला, भाचीला, शेजारच्या मुलीला. तुला कुठलं कॉलेज हवं होतं? आणि तू तिथे का गेली नाहीस?

जे उत्तर येईल ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मोजणीची सुरुवात तिथून करू.